अनंतमामाची जागा

शुक्रवार आमच्याकडे आंबोळीच्या वासाने उजाडायचा. कुवेतच्या फरवानिया भागातल्या चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात स्वयंपाकघर आणि आमची झोपायची खोली यांच्यामध्ये दार नव्हतं, फुलाफुलांचा एक पडदा होता, आणि पडद्याने वास कधी अडला आहे? आईने बिडाच्या तव्यावर पीठ सोडलं की आधी चर्र व्हायचं, मग खालच्या गल्लीतल्या मशिदीची बांग, तिच्यामागून पलीकडच्या गल्लीतली, तिच्यामागून आणखी लांबची. मी अर्धी झोपेत, अर्धी जागी अशी पडून एक बांग कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते शोधत राहायची. ती जागा कधीच सापडायची नाही. तेवढ्यात बाबांच्या चपला वाजायच्या, डब्यावर डबा बसायचा, आणि आईचं "उठ गो, गाडी येतली" सुरू व्हायचं. ते ती तीनदा म्हणायची. पहिल्या दोन हाकांना मी "फाइव्ह मिनिट्स" म्हणायची, कारण शाळेने मला इंग्रजीत उत्तरं द्यायची खोड लावली होती आणि आईला त्या खोडीचा फार राग होता. आज मी हे सगळं मराठीत लिहिते आहे ते बघायला ती असायला हवी होती.

गाडी म्हणजे सुलैबियातल्या कामगारांच्या कॅम्पातून येणारी पांढरी मिनीबस. तिच्यात सगळी आमच्याकडची माणसं, कुडाळ, कणकवली, मालवणची. कोणी सुतार, कोणी वेल्डर, कोणी वायरमन. बायकापोरं गावी आणि स्वतः दोन दोन वर्षांच्या करारावर. अशा माणसांना कुवेतमध्ये बॅचलर म्हणतात, मग गावी चार मुलं का असेनात. बाबा एका शाळेत देखभालीचे फोरमन होते म्हणून आम्हांला कुटुंब ठेवायची मुभा होती, आणि त्यामुळे आमचं घर हे त्या सगळ्यांचं घर होतं. आईच्या हातची आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं खायला मिळावं म्हणून ती माणसं आठवडाभर तग धरत असावीत, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, आंबोळी निमित्त होती. कोणीतरी उंबऱ्यात उभं राहून "इलांत? येवा" म्हणावं, एवढंच त्यांना हवं असायचं.

आम्ही सगळे मिळून जायचो ते खेळ बघायला. बाबांच्या शाळेचं एक मोठं मैदान शहराबाहेर, सुलैबियाच्या कडेला होतं आणि हिवाळ्यात दर शुक्रवारी सकाळी, दुपारच्या नमाजाच्या आधी, तिथे ऑस्ट्रेलियन लोकांचा फुटबॉल चालायचा. चेंडू लंबगोल, मैदान लंबगोल, आणि नियम तर त्याहून लंबगोल, असं बाबा म्हणायचे. दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू पायाने मारला तर सहा गुण, कडेच्या खांबांतून गेला तर एकच. लाथ मारलेला चेंडू कोणी वरच्यावर झेलला की खेळ क्षणभर थांबतो आणि झेलणाऱ्याला निवांत मारायला मिळतो. खांद्याने धक्का दिलेला चालतो. बाकी काय चालतं आणि काय नाही ते मला शेवटपर्यंत पुरतं कळलं नाही आणि आमच्यातल्या कोणालाच कळलं नव्हतं, पण त्यामुळे वाद घालायला कोणाची अडचण झाली नाही. तिथे चार संघ होते, पिवळा, निळा, हिरवा, लाल. त्यांत ऑस्ट्रेलियन, आयरिश, एकदोन लेबनीज, आणि माणसं कमी पडली की मिळेल तो. पिवळ्यांचा कप्तान क्रेग बाबांच्या शाळेत विज्ञान शिकवायचा, म्हणून आम्ही पिवळे.

आणि पिवळ्यांच्या गोलासमोर, अगदी मागे, उभा असायचा माझा अनंतमामा.

मामा आईचा धाकटा भाऊ. एसीचे पत्र्याचे डक्ट बसवायचं काम करायचा. दिवसभर शिडीवर उभं राहून हात डोक्याच्या वर, त्यामुळे त्याचे हात उंचच राहायचे, बोलतानासुद्धा. तो संघात आला तो डब्यामुळे. पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी तो कडेला बसून जेवत असताना चेंडू उडत आमच्यात आला, आणि त्याने डाव्या हातातली आंबोळी न सोडता उजव्या हाताने तो वरच्यावर टिपला. क्रेग धावत आला, मामाच्या हाताकडे पाहत राहिला, आणि पुढच्या शुक्रवारी मामाच्या अंगात पिवळा बनियन होता. त्याचं काम एकच. समोरच्या संघाचा सगळ्यांत पुढचा गडी त्याच्या वाट्याला, त्याला चेंडू झेलू द्यायचा नाही. झेलता आला तर स्वतः झेलायचा, नाहीतर मुठीने उडवून लावायचा. त्या पहिल्या हिवाळ्यात मामाच्या डोक्यावरून फार थोडं गेलं.

तिकडे हिवाळ्यात धुकं पडतं, हे मी कोणाला सांगितलं तर लोक हसतात. पण पडतं, आणि असं पडतं की वाळू कुठे संपली आणि आभाळ कुठे लागलं ते समजत नाही. अशा सकाळी मैदानाच्या एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक नसायचंच. लांबून शिट्टी ऐकू यायची, बूट धावल्याचा आवाज यायचा, आणि मग धुक्यातून आधी चेंडू, आणि त्याच्यामागे माणसं बाहेर पडायची, जशी काही आत्ताच तयार होऊन आली आहेत. मी गोलाच्या खांबांमागे बसायची. बाकी सगळे कडेला, सतरंजीवर, डब्यांजवळ. मी तिथे बसायची कारण मी वही ठेवायची. कोणाविरुद्ध, कितव्या मिनिटाला, कोणी मारला, मामाने काय केलं, सगळं लिहायची. मला कोणी सांगितलं नव्हतं. सोळाव्या वर्षी मला जगातल्या सगळ्या गोष्टी रकान्यांत लिहून ठेवाव्यात असं वाटायचं, आणि मामा हा माझ्या ताब्यातला सगळ्यांत मोठा विषय होता.

सामना सुरू व्हायच्या आधी तात्या गाऱ्हाणं घालायचे. तात्या म्हणजे कणकवलीकडचे म्हातारे सुतार, मैदानावरचे खांब त्यांनीच रंधून उभे केले होते. आमच्यात वयाने मोठे म्हणून मान त्यांचा. ते डोक्यावर रुमाल ठेवून वाळूत उभे राहायचे आणि गावच्या देवाला हाक मारायचे, "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां ह्या परमुलखाच्या वाळयेत उभी रवली हत. त्यांच्या पायात बळ दी, चेंडू मागे जाव नये असा कर रे म्हाराजा." सगळे एका सुरात म्हणायचे, "व्हय म्हाराजा." आयरिश मुलंही म्हणायची. रत्नागिरीचे हमीदभाई, ज्यांचं आमच्या इमारतीखाली किराण्याचं दुकान होतं, ते हात बांधून शांत उभे राहायचे आणि गाऱ्हाणं संपलं की ओठांतल्या ओठांत आपलं काहीतरी म्हणायचे. दोन्हीकडून सांगितलेलं बरं, असं बाबांचं मत होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात मामाचं बिनसलं. झेल सुटायला लागले. कधी मूठ उशिरा यायची, कधी तो उडी मारायचाच नाही, नुसता हात वर करून उभा राहायचा आणि समोरचा माणूस आरामात चेंडू काढून घेऊन जायचा. आमच्या मंडळींचा फोनवर एक ग्रुप होता, त्याचं नाव 'मागची फळी', आणि त्या ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय उरला नाही. आई कांदा चिरताना फोन कट्ट्यावर उभा करून ठेवायची आणि एकामागून एक आवाज ऐकत राहायची. कोणी म्हणे गुडघे गेले. कोणी म्हणे शिडीवर उभं राहून राहून कंबर धरली. कोणी म्हणे नजर लागली, मीठमोहरी ओवाळा. हमीदभाईंचं म्हणणं सगळ्यांत कडक होतं. भरवशाच्या म्हशीला टोणगा झालाय, असं ते गिऱ्हाइकाला खुबूसच्या रोट्या देता देता रेकॉर्ड करून पाठवायचे, आणि मागून त्या गिऱ्हाइकाचं हसणं ऐकू यायचं. त्यांच्या मते मामाला बसवून दिनेशला घ्यायला हवं होतं. दिनेश बावीस वर्षांचा वेल्डर, वाऱ्यासारखा पळायचा, पण झेल म्हणाल तर त्याच्या हातात पापडसुद्धा टिकला नसता. मामा त्याच ग्रुपमध्ये होता. तो सगळं ऐकायचा आणि शेवटी हात जोडल्याचं एक चित्र पाठवायचा. आई ते चित्र पाहून पदराने डोळे पुसायची आणि मग मोठ्याने म्हणायची की कांदा फार झोंबतोय.

मग शेवटच्या सामन्याचा आठवडा आला. पिवळे आणि निळे, कप त्यावर ठरणार. क्रेगने बाबांना शाळेत गाठून सांगितलं की तुमच्यातला एकच माणूस मी मागे उभा करू शकतो, अनंत की दिनेश ते तुम्हीच मला गुरुवारी रात्रीपर्यंत कळवा, कारण दोघांनाही तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. क्रेग भला माणूस होता आणि भल्या माणसांप्रमाणे त्याने नको ते काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मेव्हणा आपला, मंडळी आपली, आणि शब्द द्यायचा परक्याला.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरात सभा बसली, गावच्या देवळात बसते तशी. तात्या भिंतीला टेकून, त्यांच्या उजवीकडे वयाने मोठे, डावीकडे लहान, दिनेश दाराजवळ मान खाली घालून. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, उलट बोलायचं असेल तर पाळी आल्यावर. हमीदभाई पाहुणे म्हणून त्यांची पाळी पहिली. मामा स्वयंपाकघरात होता. त्याने स्वतःच येताना बाजारातून झुबैदी, म्हणजे आपली पापलेटं, आणली होती, तीन मोठ्या, आणि पडद्यामागे बसून तो त्या साफ करत होता. सुरीचा खर्र खर्र आवाज सभेत येत होता. हमीदभाई हळू आवाजात बोलले, पण जे बोलायचं ते बोलले. त्यांना मामाबद्दल प्रेम आहे, पण प्रेमाने चेंडू अडत नाही. दुसऱ्या कोणी म्हटलं की पहिल्या हिवाळ्याचे उपकार विसरू नयेत. तिसऱ्याने म्हटलं की उपकार आणि कप या वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यांच्या दोन दोन पाळ्या झाल्या आणि माणसं बरोबर अर्धी अर्धी राहिली.

तेव्हा अनंताला खेळवावं का, असा देवाला कौल लावायचं तात्यांनी ठरवलं. गावी देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतात, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्याकडे पाषाण नव्हता. आईने सोललेला नारळ आणून तांदळाच्या ताटात उभा केला, तात्यांनी झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून दोन्ही बाजूंना लावल्या आणि सगळे बसून राहिले. पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. गावच्या ओल्या हवेत शिकलेली विद्या ती. कुवेतच्या कोरड्या हिवाळ्यात, त्यात कोपऱ्यात हीटर लावलेला, पाकळ्या दहा मिनिटांत वाळून नारळाच्या बोडक्या धाग्यांना अशा घट्ट बसल्या की पुढचा पाडवा आला असता तरी पडल्या नसत्या. हमीदभाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पण तेही उठले नाहीत.

मी त्या वेळी वही चाळत बसले होते. आणि वाट पाहण्याच्या त्या लांबच लांब शांततेत मला जे पानोपानी लिहूनही दिसलं नव्हतं ते दिसलं. मामा हिरव्यांविरुद्ध अजूनही चांगलाच खेळत होता. लालांविरुद्धही. जे काय जात होतं ते निळ्यांविरुद्ध, आणि निळ्यांमधल्या एकाच माणसासमोर. त्या हिवाळ्यात नवीन आलेला, लाल दाढीचा, उंच. आमची मंडळी कडेला बसायची, त्यांना इतक्या लांबून सगळ्यांचे सुटलेले चेंडू एकसारखे दिसायचे, आणि एकदा माणूस बिघडला असं मनात बसलं की चांगलं दिसतही नाही. मी मात्र खांबांमागे, मामापासून वीस पावलांवर. त्या माणसाशी धक्का लागला की मामा काय म्हणायचा ते मला ऐकू यायचं, आणि मी ते इमानदारीत लिहूनही ठेवलं होतं. 'सॉरी सर.' प्रत्येक वेळी, 'सॉरी सर.' दुसऱ्या कोणाला तो असं म्हणाल्याची एकही ओळ वहीत नव्हती. आणि मग मला तो माणूस आठवला, बनियनवर नव्हे, पांढऱ्या हेल्मेटमध्ये. आम्ही एकदा साइटच्या फाटकावर मामाला डबा द्यायला गेलो होतो तेव्हा तो गाडीतून उतरला होता आणि मामा जेवता जेवता उष्ट्या हाताने उभा राहिला होता. तो मामाचा इंजिनिअर. बाकीची मंडळी दुसऱ्या कंपन्यांत, ती त्याला ओळखत नव्हती. हिवाळा संपता संपता कोणाचा करार पुढे चालू आणि कोणाला परत पाठवायचं याची यादी तोच करणार होता. मामाचं गावचं घर चिऱ्याच्या भिंती खिडक्यांपर्यंत येऊन थांबलं होतं.

मला सगळं समजलं, आणि इतका आनंद झाला की काय सांगू. मामाचे गुडघे शाबूत होते, कंबर शाबूत होती. मामा वाईट खेळतच नव्हता. ही गोष्ट साऱ्या घरात फक्त मला माहीत होती. मामा पडद्याच्या पलीकडे होता, माझ्यापासून सहा पावलांवर. मला उठून आत जाता आलं असतं. या वयात मी ती सहा पावलं किती वेळा चालले आहे ते माझं मला ठाऊक. तेव्हा ती सुचलीच नाहीत. सोळाव्या वर्षी माणसाला खऱ्याचा माज असतो, आणि मला तो जरा जास्तच होता.

तात्यांनी निःश्वास सोडून म्हटलं की देव काही बोलत नाही, कोणाला काही सांगायचं असेल तर सांगा. मी उभी राहिले. वही वाचली, एकेक सामना, एकेक रकाना. आणि मग मी त्या घरात बहुधा पहिल्यांदाच सगळ्यांसमोर, मराठीत, स्पष्ट म्हणाले, "मामा वाईट खेळत नाही. तो फक्त त्या एका माणसासमोर खेळत नाही. तो त्याचा साहेब आहे. मामा त्याला घाबरतो."

पडद्यामागचा सुरीचा आवाज थांबला. मामा बाहेर आला. त्याच्या मनगटांपर्यंत खवले चिकटले होते आणि दिव्याखाली ते चकाकत होते. तात्यांनी त्याला विचारलं, "अनंता, ह्या खरा काय रे?" त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रागाने पाहिलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. "होय," तो म्हणाला. मग आईकडे वळून त्याने कोकमाची सोलं कुठे ठेवली आहेत ते विचारलं आणि परत आत गेला.

त्यानंतर वाद राहिलाच नाही. सगळ्यांत आधी बोलले ते हमीदभाई, की अनंतच खेळेल. दिनेश म्हणाला की तो तसाही येणार नव्हता. त्या खोलीत असा एक माणूस नव्हता ज्याला कोणी ना कोणी साहेब नव्हता, ज्याने कधी ना कधी उष्ट्या हाताने उभं राहून सॉरी म्हटलं नव्हतं, आणि त्या एका क्षणात सगळ्यांना मामा आपला सख्खा भाऊ वाटायला लागला. बाबांनी क्रेगला फोन केला. मंडळी जेवायला बसली तेव्हा प्रत्येकाने मामाच्या पाठीवरून हात फिरवला, झुबैदीचा मधला तुकडा त्याच्या पानात सरकवला, भियाव नको म्हणून सांगितलं. मामा "होय, होय" करत राहिला. मी तेव्हा फार खूश होते. आईने मात्र मला त्या रात्री वाढलं नाही, माझं मी घेतलं, आणि ते का, ते मला समजलं नाही.

शुक्रवारी धुकं होतं. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, पण त्यांचे डोळे देवाकडे नसून मामाकडे होते, आणि सगळ्यांचेच होते. मंडळी त्या दिवशी कडेला बसली नाहीत, सतरंजी उचलून माझ्याकडे, खांबांमागे आली, त्याला धीर द्यायला. पहिला चेंडू आला तो खूप उंच, धुक्यात दिसेनासा होऊन पुन्हा खाली येणारा. लाल दाढीचा माणूस त्याच्याखाली धावला आणि मामा बाजूने आला. मला अजूनही स्वप्नात तो येताना दिसतो, आवाज न करता, लांब हात वर, कोणीतरी पाण्यातून चालत यावं तसा. त्याने खांदा दिला, मूठ मारली, चेंडू मैदानाच्या पार पलीकडे गेला आणि साहेब वाळूत आडवा झाला. मामा सॉरी म्हणाला नाही. साहेब उठला, कपडे झटकले, मामाच्या दंडावर थाप मारून हसला आणि आपल्या जागेवर गेला. त्यानंतरही तो जेव्हा जेव्हा आला तेव्हा मामाने त्याला काही करू दिलं नाही. त्या दिवशी निळ्यांच्या त्या माणसाचा एकही गोल झाला नाही आणि कप पिवळ्यांना मिळाला. सामनाभर मामाने एकदाही आमच्याकडे वळून पाहिलं नाही.

सामना संपल्यावर त्याला खांद्यावर घेतलं, फोटो काढले. तो उतरला, पिवळा बनियन काढला, घडी केली आणि बाबांच्या हातात दिली. बाबांना वाटलं धुवायला दिला. आंबोळ्या त्याने खाल्ल्या नाहीत, पोट भरलंय म्हणाला. महिन्याने यादी लागली, तिच्यात त्याचं नाव पुढे चालू असलेल्यांत होतं, आणि साहेबाने स्वतः बोलावून त्याच्याशी हात मिळवला, असं कॅम्पातून कळलं. मग तर काय, माझ्या हुशारीचे पोवाडे गाऊन झाले. हमीदभाईंनी दुकानातलं सगळ्यांत मोठं चॉकलेट मला दिलं. ते मी एकटीने खाल्लं आणि ते फार छान लागलं, हे लपवण्यात काही अर्थ नाही. फक्त मामा पुन्हा मैदानावर आला नाही. पुढच्या हिवाळ्यात दिनेश मागे उभा राहायला लागला. तो एकामागून एक झेल सोडायचा आणि ग्रुपवर त्याची यथेच्छ धुलाई व्हायची. मामा शुक्रवारी कॅम्पात कपडे धुतो, असं गाडीतली मंडळी सांगायची. संध्याकाळी मात्र तो नेमाने घरी यायचा, आईशी बोलायचा, माझ्या अभ्यासाची चौकशी करायचा, माझ्यासाठी खजूर आणायचा. माझ्याशी तो जराही वेगळा वागला नाही.

काही वर्षांनी त्याचं घर उभं राहिलं आणि तो कायमचा गावी जायला निघाला. मी तेव्हा कॉलेजात होते. सामानाचा मोठा खोका आमच्याच खोलीत बांधायला घेतला होता, आई आत घावणे करत होती, बाहेर दुपारची बांग होत होती. इतक्या वर्षांत मी त्याला जे विचारलं नव्हतं ते तेव्हा विचारलं. तू इतका छान खेळलास, साहेबानेही काही केलं नाही, सगळं नीटच झालं, मग तू खेळ का सोडलास? मामा खोक्यावर गुडघा टेकवून सुंभ ओढत होता. त्याने तो ओढायचं थांबवलं नाही. म्हणाला, त्या मैदानावर सगळे त्याला वाईट खेळणारा माणूस म्हणायचे, ते त्याला चालत होतं, वाईट खेळणारी माणसं जगात पुष्कळ असतात आणि दोन तास त्यांना तेवढंच असता येतं. घाबरणारा माणूस तो कॅम्पात होता, साइटवर होता, घरी फोन करताना होता. तिथे नव्हता. त्या संध्याकाळनंतर तिथेही झाला. मी म्हटलं, पण मी खोटं सांगितलं नव्हतं.

"तू सांगलंस ता खरा होता बाय," तो म्हणाला. "पण ता माझा होता."

मग त्याने मला सुंभावर बोट धरायला सांगितलं. मी धरलं, आणि त्याने गाठ मारली.